पिंपरी ते स्वारगेट मेट्रो : मार्ग आधी वाढवावा की आहेत ती स्थानके आधी नीट जोडावीत?

पवनाकाठ
नमस्कार मंडळी. पिंपरीहून सुटणारी मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत जाऊ लागली. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी, १ ऑगस्ट २०२३ रोजी तिथून सिव्हिल कोर्ट आणि त्यानंतर पेठांच्या खालून स्वारगेट, अशा टप्प्याटप्प्याने ही सुमारे १७ किलोमीटरची मार्गिका उभी राहिली. आता ती दोन्ही टोकांना वाढणार आहे. उत्तरेला चिंचवड, आकुर्डी, निगडी आणि भक्ती-शक्ती चौक, तर दक्षिणेला मार्केट यार्डमार्गे कात्रज. कात्रजकडचा जवळजवळ साडेपाच किलोमीटरचा भाग पूर्णपणे भुयारी आहे आणि त्याचा २०२४ साली मंजूर झालेला खर्च सुमारे २,९५५ कोटी रुपये होता, म्हणजे एका किलोमीटरला पाचशे कोटींहून अधिक.

मी चिंचवडगावात राहते आणि नोकरीसाठी टिळक रस्त्यावर येते. पिंपरी ते स्वारगेट या प्रवासाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. अर्ध्या तासाहून थोड्या अधिक वेळात, घाम न येता आणि धूर न खाता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते. अडचण त्याच्या आधी आणि नंतर आहे. चिंचवडगावातून पिंपरीच्या स्थानकापर्यंत एकटीने रिक्षा केली, तर तिचे भाडे मेट्रोच्या तिकिटाहून जास्त होते. मेट्रोचे कमाल भाडेच ३५ रुपये आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या शेवटच्या तुकड्याचे ओझे किती आहे ते कळेल.

म्हणून मला असे वाटते की नव्या किलोमीटरांची घोषणा करण्याआधी सध्याच्या प्रत्येक स्थानकाला बस, लोकल आणि चालण्याजोगा पदपथ या तिन्ही गोष्टी जोडून द्याव्यात. आपला अनुभव आणि मत काय, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

भक्तीशक्ती
ताई, तुमचा हेतू पटतो, पण क्रम पटत नाही. पिंपरी हे आमच्या शहराचे टोक नाही, ते जवळजवळ मध्य आहे. चिंचवड, आकुर्डी, प्राधिकरण, निगडी, यमुनानगर, रावेत या साऱ्या वस्तीला मेट्रो गाठण्यासाठी आधी दुसऱ्या वाहनाने पिंपरीपर्यंत यावे लागते. ही मार्गिका पहिल्या दिवसापासून निगडीहून सुरू व्हायला हवी होती, अशी येथील नागरिकांची मागणी कितीतरी वर्षे होती. केंद्राची मंजुरी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मिळाली.

प्रवासात वाहन बदलावे लागले की माणूस दुचाकी काढतो, हा माझ्या इमारतीतील बहुतेकांचा अनुभव आहे. घराजवळून मेट्रो स्थानकापर्यंत नेणारी पूरक बस कितीही चांगली दिली तरी ती थांब्यावर उभे राहायला लावते, पावसात छत्री उघडायला लावते आणि मग पुन्हा मेट्रोचा जिना चढायला लावते. साडेचार किलोमीटरचा हा विस्तार झाला, म्हणजे हजारो लोकांचा एक बदल कायमचा वाचेल. तुम्ही स्वतः चिंचवडच्या आहात. चिंचवडचे स्थानक झाले, की तुमच्या रिक्षेचाही बराचसा प्रश्न तिथेच मिटतो. त्यामुळे मार्ग वाढवणे हीच आमच्यासाठी जोडणी आहे.

लोहमार्ग
मी रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे या चर्चेत लोकलचा विषय थोडा विस्ताराने मांडतो.

पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि पुढे देहूरोड, तळेगाव, कामशेत करीत ती लोणावळ्याला पोहोचते. जुन्या कारखान्यांतील कामगारांनी आणि मावळातून दूध-भाजी घेऊन येणाऱ्यांनी ही गाडी इतकी वर्षे जगवली आहे. मेट्रोची पिंपरी-शिवाजीनगर मार्गिका बऱ्याच अंतरापर्यंत हिच्या शेजारून धावते. वरवर पाहणाऱ्याला वाटते, की एकाच रस्त्यावर दोन गाड्या कशाला? परंतु त्यांची कामे वेगळी आहेत. लोकल लांबच्या गावांना शहराशी जोडते, तर मेट्रो शहराच्या आतल्या भागाला वारंवारता देते.

लोकलची वारंवारता वाढवा, असे म्हणणे सोपे आहे, पण त्या मार्गावर दोनच रूळ आहेत आणि त्यांवरूनच मुंबईच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या जातात. तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेची चर्चा फार वर्षे चालू आहे. ते होईपर्यंत दुपारच्या वेळी दोन लोकलमधले अंतर मोठेच राहणार. मेट्रोचे तसे नाही. गर्दीच्या वेळी सहा-सात मिनिटांनी आणि एरवी दहा मिनिटांच्या आसपास गाडी मिळते. म्हणजे तळेगावचा माणूस लोकलने खडकीला किंवा शिवाजीनगरला उतरला, तर त्याला मेट्रोच्या वेळापत्रकाकडे पाहण्याचीही गरज नाही. त्याला गरज आहे ती एका फलाटावरून दुसऱ्या फलाटाकडे नेणाऱ्या, डोक्यावर छप्पर असलेल्या आणि रात्री दिवे असलेल्या वाटेची. नाशिक फाट्याला मेट्रोचे स्थानक आहे आणि तिथेच कासारवाडीचे रेल्वे स्थानक आहे. दापोडी आणि खडकी येथेही दोन्ही स्थानके एकमेकांपासून लांब नाहीत. अशा ठिकाणी लागणारा खर्च नव्या मार्गाच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे. पवनाकाठ यांच्या मूळ मुद्द्याला म्हणूनच माझे अनुमोदन.

सह्याद्री_७
लोहमार्ग काकांच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मावळातील विद्यार्थ्यांना याचा सर्वाधिक उपयोग होईल.

कसब्यातली
माझे माहेर आणि सासर दोन्ही पेठांतले. आमच्याकडे प्रश्न वेगळ्या बाजूने दिसतो, म्हणून लिहिते.

बोगद्याचे काम चालू होते, तेव्हा आमच्या गल्लीतील जुन्या वाड्यांत राहणाऱ्या माणसांच्या मनात खरीखुरी धास्ती होती. मातीच्या आणि लाकडाच्या घरांखालून यंत्र जाणार, ही कल्पनाच झोप उडवणारी होती. काम पूर्ण झाले आणि आता कसबा पेठ व मंडई ही दोन स्थानके आमच्या दाराशी आहेत. पिंपरीला राहणारी माझी मुलगी पूर्वी लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला यायचे म्हटले, की आधी गाडी कुठे लावायची या विचारानेच बेत रद्द करीत असे. आता ती मंडईला उतरते आणि तुळशीबागेतून चालत घरी येते.

पेठांत पूरक बसची गरज नाही. आमच्या रस्त्यांवर ती शिरणारही नाही. येथे शेवटचा तुकडा म्हणजे माणसाचे पाय. त्या पायांसाठी जागा हवी. स्थानकाच्या दारातून बाहेर आले, की पदपथावर लावलेल्या दुचाक्या, दुकानांचे वाढीव ओटे आणि मध्येच उघडे राहिलेले गटाराचे झाकण, यांतून वाट काढावी लागते. २०२५ चा गणेशोत्सव हा मंडईचे स्थानक सुरू झाल्यानंतरचा पहिला उत्सव होता. उपनगरांतून आलेली एवढी माणसे मेट्रोने येऊन मानाच्या गणपतींचे आणि दगडूशेठचे दर्शन घेऊन चालत परत गेली, हे मी माझ्या गॅलरीतून पाहिले. त्या दिवसांत रस्ते वाहनांना बंद असतात, म्हणून चालणे शक्य झाले. मध्य पुण्यातील काही निवडक रस्ते वर्षभर चालणाऱ्यांना का मिळू नयेत, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

कातळ
मी स्थापत्य अभियंता आहे. या मार्गाशी माझा व्यावसायिक संबंध नाही, पण विषय जवळचा आहे. दोन गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट कसब्यातली ताईंच्या धास्तीबद्दल. रेंज हिल्सच्या पुढे मार्गिका जमिनीत शिरते आणि शिवाजीनगर, सिव्हिल कोर्ट, कसबा पेठ, मंडई व स्वारगेट ही पाच स्थानके भुयारी आहेत. बोगदे खणणाऱ्या यंत्रांना आपल्या नद्यांचीच, मुळा, मुठा आणि पवना ही नावे दिली होती. कृषी महाविद्यालयाच्या आवारातून एका बाजूने आणि स्वारगेटकडून दुसऱ्या बाजूने काम झाले आणि बोगदा मुठा नदीच्या तळाखालूनही गेला. पुण्याखाली दख्खनचा काळा कातळ आहे. तो फोडणे कष्टाचे असले, तरी आधार म्हणून तो भक्कम असतो. यंत्र पुढे सरकताच मागे काँक्रीटच्या तुकड्यांचे कडे बसवले जाते, त्यामुळे खणलेला भाग उघडा राहत नाही. वाड्यांच्या पायापासून बोगदा पुरेसा खोल ठेवणे हा सारा त्याच विचाराचा भाग होता.

दुसरी गोष्ट या धाग्याच्या मूळ प्रश्नाबद्दल. 'आधी जोडणी, मग विस्तार' असे म्हणताना आपण गृहीत धरतो, की दोन्हींचा पैसा एकाच थैलीत आहे. तसे नाही. मार्ग बांधण्याचा खर्च हा भांडवली खर्च आहे. तो केंद्र, राज्य, स्थानिक संस्था आणि दीर्घ मुदतीचे कर्ज यांतून उभा राहतो आणि तो त्या कामासाठीच मिळतो. कात्रजचा मार्ग थांबवला, म्हणून ते २,९५५ कोटी चिंचवडच्या बससाठी मिळणार नाहीत. बस चालवणे हा मात्र रोजचा खर्च आहे. डिझेल किंवा सीएनजी, चालक-वाहकांचे पगार, दुरुस्ती. शहर बस चालवणारी पीएमपीएमएल ही पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवांचे एकत्रीकरण होऊन २००७ साली तयार झाली. तिची तूट दोन्ही महापालिका ६० आणि ४० टक्के अशा प्रमाणात भरून काढतात. पूरक बसच्या फेऱ्या वाढल्या, की ही तूट वाढते आणि ती थेट महापालिकेच्या तिजोरीवर पडते. खांब उभा केला की तो दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते. वेळेवर आलेल्या बसचे उद्घाटन करता येत नाही. अडचण ही आहे.

पवनाकाठ
कातळ, ही मांडणी फार उपयोगी आहे. पैसा वेगवेगळ्या वाटांनी येतो हे मान्य करूनही माझा आग्रह मी जरा नेमक्या शब्दांत पुन्हा मांडते. नव्या मार्गाच्या प्रकल्प अहवालातच प्रत्येक स्थानकाच्या परिसरातील पदपथ, बसथांबा, रिक्षाथांबा आणि रेल्वेकडे जाणारी वाट हा भांडवली खर्च म्हणून धरला जावा आणि तो पूर्ण झाल्याशिवाय स्थानक सुरू झाले असे म्हणू नये. स्थानक मेट्रोचे, रस्ता महापालिकेचा, बस तिसऱ्याची, लोकल चौथ्याची, रिक्षाचा परवाना पाचव्याचा. प्रवासी मात्र एकच असतो. या सगळ्यांच्या समन्वयासाठी पुम्टा हे एकात्मिक वाहतूक प्राधिकरण आहे. त्याच्याकडे सल्ल्यापलीकडचे अधिकार आणि निधी असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

वाकडेवाडी_थांबा
मी संगमनेरचा. कामानिमित्त पुण्यात येणे-जाणे चालू असते. शिवाजीनगरचे एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले. जिथून ते हलवले, तिथे आज मेट्रोचे उत्तम भुयारी स्थानक आहे आणि समोर रेल्वे स्थानक आहे. आम्ही नाशिक, संगमनेर, छत्रपती संभाजीनगरकडून येणारे प्रवासी मात्र वाकडेवाडीला उतरतो आणि हातात सामान घेऊन तिथून शिवाजीनगरच्या मेट्रोपर्यंत चालत जाणे जमत नाही. एसटी, रेल्वे आणि मेट्रो एकाच जागी येण्याची जी संधी पुण्यात सहज मिळाली होती, ती लवकर पुरी करावी. 'जोडणी आधी' या बाजूने माझे मत.

आईसोबत
माझी आई गुडघ्याच्या दुखण्यामुळे फार चालू शकत नाही. तिला घेऊन मी वनाझहून निघते, सिव्हिल कोर्टला गाडी बदलते आणि स्वारगेटकडे जाते. सिव्हिल कोर्टचे भुयारी स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे आणि वनाझ-रामवाडी मार्गाचे स्थानक जमिनीच्या वर आहे. हे ऐकून आई पहिल्यांदा घाबरली होती. प्रत्यक्षात उद्वाहक आणि सरकते जिने असल्यामुळे ती हा बदल नीट करते. एवढ्या खाली असूनही छतातून सूर्यप्रकाश येतो, याचे तिला फार अप्रूप आहे.

आमचा खरा त्रास स्थानकाबाहेर पडल्यावर सुरू होतो. पदपथाची उंची ठिकठिकाणी बदलते आणि रस्ता ओलांडायला सिग्नलचा वेळ पुरत नाही. मेट्रोच्या आत आई स्वतंत्रपणे फिरते आणि बाहेर आल्यावर तिला माझा हात धरावा लागतो. शहरातील ज्येष्ठ नागरिकांची संख्या पाहता, स्थानकापासून पाचशे मीटरच्या परिघातील पदपथ हे मेट्रोचाच भाग मानले पाहिजेत. माझ्या दृष्टीने या धाग्यातील हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

हिंजवडीचा_रस्ता
सिव्हिल कोर्टचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका सुमारे २३ किलोमीटरची आहे, तिच्यावर २३ स्थानके आहेत आणि तीही सिव्हिल कोर्टलाच येऊन मिळणार आहे. ती पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, खाजगी भागीदारीतून बांधत आहे, म्हणजे चालवणारी संस्था निराळी. पहिल्या दोन मार्गिकांना वरच्या तारेतून वीज मिळते, हिला रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून मिळेल. तांत्रिक फरक प्रवाशाला जाणवणार नाहीत. तिकिटाचा फरक जाणवेल. वाकडचा माणूस हिंजवडी मार्गाने येऊन मंडईला जाणार असेल, तर त्याला एकच तिकीट, एकच भाडे आणि बाहेर न पडता गाडी बदलण्याची सोय हवी. ही तडजोड मार्ग सुरू होण्याआधी कागदावर पक्की व्हावी. विद्यापीठ चौकातील जुने उड्डाणपूल २०२० साली पाडल्यापासून आम्ही त्या रस्त्यावर जो काळ काढला आहे, त्यानंतर निदान एवढी अपेक्षा रास्त आहे.

संत्रानगरी
मूळ नागपूरचा, आता औंधला स्थायिक. नागपूरची मेट्रो पुण्याआधी धावली, याचे येथील अनेकांना आश्चर्य वाटते. तिथले रस्ते रुंद आहेत आणि मार्ग जवळजवळ सगळा उन्नत आहे. पुण्यात मार्ग वरून न्यावा की जमिनीखालून, या वादातच कित्येक वर्षे गेली आणि केंद्राची अंतिम मंजुरी २०१६ च्या डिसेंबरमध्ये आली. नदीपात्रातल्या तुकड्यावर हरित लवादाची काही काळ स्थगितीही होती. त्या वादांतून मध्य पुण्याला भुयारी मार्ग मिळाला, तो मला योग्यच वाटतो. पेठांवर खांब उभे राहिले असते, तर शहराचा चेहरा कायमचा बदलला असता.

धनकवडी_चढ
मी विद्यार्थी आहे आणि धनकवडीहून रोज शिवाजीनगरकडे जातो. कात्रजच्या विस्ताराचा सर्वाधिक फायदा मलाच होईल, असे घरचे म्हणतात. परंतु भुयारी काम, त्यातली स्थानके, चाचण्या आणि सुरक्षा तपासणी हे सगळे होईपर्यंत माझे शिक्षण संपलेले असेल. म्हणून माझ्यासारख्यांना आजची जोडणी महत्त्वाची वाटते.

आमच्याकडे ती बऱ्यापैकी आहे, हेही सांगितले पाहिजे. कात्रज-स्वारगेट हा शहरातला पहिला बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्ग आहे. २००६ साली तो सुरू झाला आणि त्याच्यावर आजही बसची कमतरता नाही. अडथळा स्वारगेटला येतो. एसटी, शहर बस आणि मेट्रो तिघेही तिथे आहेत, पण जेधे चौकाच्या वाहतुकीतून एकाकडून दुसऱ्याकडे जाताना नवखा माणूस गोंधळतो. मेट्रोत विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत आहे. बस आणि मेट्रो मिळून एकच विद्यार्थी पास निघाला, तर माझ्या वर्गातली अर्धी मुले दुचाकी घरी ठेवतील, असा माझा अंदाज आहे. आमच्यापैकी अनेकांच्या घरून पेट्रोलचे पैसे मोजून मिळतात.

तीनचाकी
माझे वडील पिंपरी परिसरात रिक्षा चालवतात. पिंपरी-चिंचवडमध्ये शेअर रिक्षाची पद्धत मेट्रोच्या कितीतरी आधीपासून आहे. शेवटच्या तुकड्याचे काम आजही मोठ्या प्रमाणात तीच करते. पिंपरीहून काळेवाडी, चिंचवड, भोसरी या बाजूंना माणशी भाडे घेऊन रिक्षा सतत जात असतात. बस भरली की निघते असे करता येत नाही, शेअर रिक्षा मात्र तीन माणसे झाली की लगेच निघते, म्हणून मेट्रोतून टप्प्याटप्प्याने उतरणाऱ्या प्रवाशांना ती सोयीची पडते.

स्थानकाच्या आराखड्यात चारचाकीला थांबायला जागा असते, पण शेअर रिक्षाला आखून दिलेली रांग नसते. मग रिक्षा रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात, बस अडते, पोलीस दंड करतात आणि सारा दोष रिक्षावाल्यावर येतो. आखलेला थांबा, ठरलेले भाडे आणि त्याचा मोठा फलक, एवढे मिळाले तर पवनाकाठ ताईंची तक्रार बस येण्याआधीच बरीच कमी होईल. रिक्षाचालकांच्या संघटनांना नियोजनाच्या बैठकीत बसवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुचाकीस्वार_पुणे
सर्व जण बस आणि पदपथांबद्दल लिहीत आहेत. पुणेकर दुचाकीवर चालतो, हे वास्तव आहे. प्रत्येक स्थानकाखाली भरपूर वाहनतळ द्यावा, म्हणजे लोक आपोआप येतील.

कसब्यातली
दुचाकीस्वार, उपनगरांतल्या स्थानकांसाठी तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पिंपरीला, नाशिक फाट्याला वाहनतळ असावेत. कसबा आणि मंडईला ते करू नयेत. वाहनतळ झाला की त्याच्याकडे जाणारी वाहने पेठेत येणार, आणि ज्या गर्दीपासून सुटका व्हावी म्हणून एवढा कातळ फोडून बोगदा केला, तीच गर्दी आपण परत बोलावू.

भक्तीशक्ती
सर्व प्रतिसाद वाचले. निगडीचा विस्तार लवकर व्हावा, या मतावर मी ठाम आहे. मात्र पवनाकाठ ताईंच्या दुसऱ्या प्रतिसादातील अटीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. कारण भक्ती-शक्ती चौकात गाडी थांबू लागेल, तेव्हा देहू, रावेत, तळवडे, किवळे येथील लोक तिथे येतील आणि पिंपरीला आज जे दिसते तेच चित्र साडेचार किलोमीटर पुढे सरकेल. खांब उभे राहत आहेत, तोवरच त्या चौकाचा आराखडा नागरिकांसमोर यावा. आकुर्डीला रेल्वे स्थानक आहे, चिंचवडलाही आहे. तिथल्या मेट्रो स्थानकांपासून लोकलपर्यंतची वाट आत्ताच राखून ठेवली नाही, तर नंतर मध्ये कोणाची तरी भिंत उभी राहील.

लोहमार्ग
भक्तीशक्ती यांनी नेमके सांगितले. रेल्वेच्या हद्दीत पादचारी पूल टाकायचा तर दोन्ही संस्थांची परवानगी, जागेचा करार आणि देखभाल कोणी करायची याचा लेखी निर्णय लागतो. ही कागदपत्रे कामाबरोबरच सुरू झाली तर वर्षे वाचतात. नंतर केली, तर फाईल दोन कार्यालयांत फिरत राहते. पुणे रेल्वे स्थानकाजवळच्या मेट्रो स्थानकाला पादचारी पुलाने जोडले आहे, म्हणजे हे करता येते याचे उदाहरण आपल्या शहरातच आहे.

पवनाकाठ
सर्वांचे आभार. या चर्चेतून माझ्यापुरते तीन ठिकाणांचे काम पुढे आले. एक, नाशिक फाटा, जिथे लोकल आणि मेट्रो यांच्यामध्ये छप्पर असलेली वाट हवी. दोन, पिंपरीचे स्थानक, जिथे शेअर रिक्षाची रांग आणि चिंचवडगावाकडे जाणाऱ्या छोट्या बस हव्यात. तीन, मंडई, जिथे फक्त मोकळा पदपथ हवा. तिन्हीकडे लागणारे पैसे महापालिकेच्या प्रभाग पातळीवरच्या कामांत बसण्यासारखे आहेत, असे मला वाटते. कातळ, हे बरोबर आहे का?

कातळ
पदपथ आणि रिक्षाथांबा नक्की बसतील. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामे सुचवण्याची सोय २००६ पासून आहे आणि पिंपरी-चिंचवडमध्येही तशा सूचना घेतल्या जातात. अर्जात काम नेमके लिहावे लागते. 'मंडई परिसर सुधारावा' असे लिहिले तर तो अर्ज बाजूला पडतो. स्थानकाच्या कोणत्या दारापासून कोणत्या चौकापर्यंत, कोणत्या बाजूचा पदपथ, त्याची लांबी-रुंदी किती आणि सध्या त्यावर काय अडथळे आहेत, हे छायाचित्रांसह दिले तर अभियंत्याला त्याचा खर्च काढता येतो. नाशिक फाट्याची वाट मात्र रेल्वेच्या संमतीशिवाय होणार नाही. तिच्यासाठी दोन्ही संस्थांना स्वतंत्र निवेदन द्यावे लागेल.

कसब्यातली
मंडई स्थानकाच्या बाजूची मोजमापे आणि छायाचित्रे मी आणि माझी भाची मिळून काढतो. सकाळी दुकाने उघडण्याआधी आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी, अशी दोन्ही वेळची काढू, म्हणजे रुंदी प्रत्यक्षात किती उरते ते कळेल.

तीनचाकी
पिंपरीच्या रिक्षाथांब्यासाठी वडिलांशी आणि त्यांच्या सोबत्यांशी बोलतो. कोणत्या वेळी कोणत्या दिशेला किती प्रवासी असतात, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. त्यांच्याकडून लिहून घेऊन येथे टाकतो.

लोहमार्ग
नाशिक फाट्याचे निवेदन मी लिहून देतो. रेल्वेला कोणत्या विभागाकडे आणि कोणत्या शब्दांत लिहायचे, ते मला माहीत आहे. आपण सर्वांनी वाचून दुरुस्त्या सुचवाव्यात आणि कासारवाडी-दापोडी भागातील सदस्यांनी त्यावर सह्या गोळा करण्याची जबाबदारी घ्यावी.